शोधा म्हणजे थांबाल

आमच्या घरात कुठलीही वस्तू हरवत नाही. ती 'तिथंच' असते. नेलकटर कुठं आहे? तिथंच. लाइटबिल? तिथंच, नीट बघा जरा. 'तिथंच' या ठिकाणाचा पत्ता आमच्या सौभाग्यवतींखेरीज कुणाला ठाऊक नाही आणि तो दर पंधरवड्याला बदलतो असा माझा जुना वहीम आहे. मी कपाट उघडून वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत वीस मिनिटं पाहत राहतो. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येते, कपाटाकडे न बघताच आत हात घालते आणि नेलकटर बाहेर काढते. वेळ, चार सेकंद. मी कपाट शोधत असतो, ती नेलकटर शोधते. या दोहोंतला फरक नीट कळायला मला वयाची सेहेचाळीस वर्षं आणि आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीतले अकरा दिवस खर्ची घालावे लागले.

बँकेत ज्याला 'तिथंच' ठाऊक असतं त्याला दफ्तरी म्हणतात. म्हणत असत. मी २००१ साली बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती. एक पिवळा बल्ब, डांबराच्या गोळ्यांचा वास, छतापर्यंत व्हाउचरचे गठ्ठे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर बसून तंबाखू मळणारे आमचे दफ्तरीमामा. जुना कागद हवा असला की मामा तीन प्रश्न विचारत. "साल? महिना? काउंटर कुठलं?" पार्टीचं नाव सर्वांत शेवटी. कधी कधी विचारतसुद्धा नसत. आम्ही नवे क्लार्क नाव सांगायला उतावीळ. मामा म्हणायचे, "नावावरून माणूस सापडतो साहेब, कागद नाही सापडत." आणि तिसऱ्या रॅकमागे हात घालून गठ्ठा ओढायचे. लाल फीत सोडायचे, आणि कागद वर! २००९ साली मामा निवृत्त झाले आणि कोकणात गेले. जाताना चार्ज म्हणून त्यांनी एक किल्ली दिली. बाकीचं सगळं डोक्यात होतं, ते डोक्याबरोबरच गेलं.

पुढं २०१८-१९ साली बँकेनं सगळ्या शाखांचे जुने कागद टेंपोत भरून नेले आणि त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरात घातले. साडेचार कोटी कागद. समारंभ झाला, श्रीफळ फुटलं, आणि आता कुठलाही कागद 'एका क्लिकवर' मिळेल असं साहेबांनी जाहीर केलं. साहेब खोटं बोलले नाहीत. क्लिक एकच करायचं होतं. त्यानंतर हात जोडून बसायचं होतं.

पडद्यावर एक लहानसं चक्र फिरायला लागे. चाळीस सेकंद, पन्नास सेकंद, कधी दीड मिनिट. चाळीस सेकंद म्हणजे काय फारसं, असं ज्याला वाटतं त्यानं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून, समोर उभ्या असलेल्या ग्राहकाच्या डोळ्याला डोळा न भिडवता, चाळीस सेकंद काढून दाखवावीत. पहिल्या दहा सेकंदांत माणूस हसतो. पुढच्या दहांत तो मागच्या माणसाकडे बघतो. तिसाव्या सेकंदाला तो 'पूर्वी हाताने पटकन व्हायचं' हे वाक्य उच्चारतो, आणि चाळिसाव्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं उमटतात: 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.'

आमच्या आजी हे वाक्य नऊ वेळा वाचून गेल्या होत्या.

आजी म्हणजे माझ्या नव्हेत. भोरच्या पुढच्या एका गावाहून त्या एस.टी.नं पुण्याला यायच्या. यजमान वारले, आणि ट्रंकेच्या तळाशी साडीखाली त्यांना १९८७ सालच्या मुदत ठेवीची पावती सापडली. रुपये पाच हजार. आता दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर अशी रक्कम रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या ठेवीदार निधीत जमा होते, पण बुडत नाही. हक्कदार आला की बँक देते आणि निधीकडून भरून घेते. २०२३च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर आजींच्या भाच्यानं मोबाईलवरून मामांचं नाव हुडकून काढलं होतं. म्हणजे देशभरच्या बेवारस ठेवींतून नाव सापडलं, पण आमच्याच बँकेत आमचाच कागद सापडेना.

कागद हवा होता तो नॉमिनेशनचा. तो असला तर आजींची एक सही आणि काम फत्ते. नसला तर सगळ्या वारसांच्या सह्या. वारसांत एक दीर होते आणि बांधाच्या भांडणामुळं ते सही देणार नव्हते. "मागितली तर शेत लिहून घेईल हो तो," असं आजी अगदी सहज सांगत. जणू हवामानाबद्दलच बोलताहेत! यजमानांनी फॉर्म भरताना आपलं नाव घातलं होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं. "मला म्हणाले होते, तुझं नाव इंग्रजीत कसं लिहू ते विचारायला पाहिजे कुणाला तरी." आता कुणाला विचारलं असेल आणि त्यानं काय लिहून दिलं असेल, देव जाणे.

आजी सात वाजताच्या गाडीनं निघत, दहाला हजर होत, आणि दीडची परतीची गाडी पकडत. म्हणजे त्या आमच्या वाट्याला येत त्या नेमक्या दहा ते साडेबारा या वेळात.

त्या सुमाराला मुख्य कचेरीनं या रोगावर एक कमिटी नेमली. कमिटीत तीन मतं होती. एका साहेबांचं मत, नेटवर्क. दुसऱ्या साहेबांचं मत, लोड. तिसऱ्या साहेबांचं मत असं, की पहिल्या दोघांची मतं विचारात घेता नवीन सर्व्हर घ्यावा. आपल्याकडे घरात ताप आला की आधी पंखा बंद करतात, मग खिडकी लावतात, मग काढा देतात. थर्मामीटर शेवटी, आणि तोही शेजाऱ्यांकडून. शेवटी कंपनीकडून एक माणूस बोलवायचं ठरलं आणि त्याच्याजवळ 'शाखेचा अनुभव असलेला कर्मचारी' बसवायचं ठरलं. तक्रारीची सर्वांत जास्त पत्रं माझी होती म्हणून मला बसवलं. सरकारदरबारी आणि बँकेत तक्रार मिटवण्याची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे.

माणूस आला तो मुलगी निघाली. पंचवीस-सव्वीसची असेल. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. मला बघताच म्हणाली, "नमस्कार काका." बँकेत सगळे मला साहेब किंवा निदान अहो म्हणतात, हे सांगावंसं वाटलं. पण तोपर्यंत तिनं कॉम्प्युटर उघडला होता.

"काका, हे नेहमीच हळू चालतं की कधी कधी?"

"नेहमीच," मी म्हणालो. पलीकडून तिन्ही साहेबही म्हणाले, "नेहमीच." कमिटीचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा.

"मोजलंय कुणी?"

इथं कचेरीत शांतता पसरली. मग तिनं कुठलीतरी कळ दाबून एक वही उघडली. तिला स्लो लॉग म्हणतात. जो शोध अमुक सेकंदांपेक्षा जास्त वेळ खाईल त्याची आपोआप नोंद या वहीत होते. मस्टरवर उशिरा येणाऱ्याच्या नावापुढं लाल खूण, तसं. गंमत म्हणजे ही वही यंत्रात पहिल्यापासून असते, पण मुळात बंद असते. कुणीतरी चालू करावी लागते. आमच्याकडे सहा वर्षांत ती कुणी चालू केली नव्हती. मस्टरबद्दलही आमच्या बँकेत असाच विचार आहे.

वही भरेपर्यंत वेळ होता, तेवढ्यात तिनं मला हे यंत्र शोधतं कसं ते समजावलं. म्हटलं तर साधं आहे. आपण कागद क्रमानं लावतो आणि कागदात शब्द असतात. हे यंत्र उलटं करतं. प्रत्येक शब्दाला एकेक पान देतं आणि त्या पानावर तो शब्द ज्या ज्या कागदांत आहे त्यांचे नंबर लिहून ठेवतं. शब्द अक्षरक्रमानं लावलेले. शब्द उघडा, नंबर घ्या, कागद काढा. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या जुन्या लेजरच्या पुढची नावांची सूची!" ती म्हणाली, "तेच." पुढं मी हौसेनं वाचलं, तर ही कल्पना लेजरच्याही आधीची निघाली. इसवी सन १२३०च्या सुमारास पॅरिसमध्ये डॉमिनिकन पंथाच्या साधूंनी ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली अख्ख्या लॅटिन बायबलातल्या शब्दांची अशी सूची हातानं केली. शब्द कुठं कुठं आला ते सगळं. प्रवचन करणाऱ्याला वचन पटकन सापडावं म्हणून. कमिटी तेव्हाही असेल, पण निदान काम झालेलं दिसतं.

सध्या जगात जे यंत्र यासाठी वापरतात त्याच्या पोटात 'ल्युसीन' नावाचा भाग असतो. तो डग कटिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९९९ साली लिहायला घेतला आणि त्याला बायकोचं मधलं नाव दिलं. त्यावर शाय बॅनन या इस्रायली गृहस्थानं २०१० साली 'इलॅस्टिकसर्च' रचलं. त्याची सुरुवात कशी झाली? बायको लंडनला स्वयंपाक शिकत होती, तिच्या पाककृती शोधून देण्यासाठी हा काहीतरी करायला बसला होता. म्हणजे या शोधविद्येच्या मुळाशी दोन्हीकडे बायकोच आहे. घरी हे सांगितलं तेव्हा सौभाग्यवतींनी मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. "मग?" एवढंच म्हणाली.

असो. तिसऱ्या दिवशी वहीतली पहिली भानगड बाहेर आली. मी शोधाच्या चौकटीत 'जोशी' लिहिलं, तर वहीत दिसत होतं 'चांदणी जोशी चांदणी'. दोन्ही बाजूंना एकेक तारा चिकटलेला! हा तारा म्हणजे 'इथं काहीही चालेल' अशी खूण. पुढं काहीही, मागं काहीही. मी लावला नव्हता. चौकट स्वतःच लावत होती. कुणा साहेबांनी कधीकाळी अर्धं नाव लिहिलं, सापडलं नाही, त्यांनी फोन केला, आणि कुणीतरी कायमची चांदणी ठोकून टाकली.

"शेवटी चांदणी असली तर चालतं काका. सुरुवातीला असली की मेलो."

"का गं?"

"तुम्ही टेलिफोन डिरेक्टरी बघितली आहे ना? मी नाही बघितली, पण म्हणतात."

मी बघितली होती. 'कुल' एवढ्या अक्षरांनी सुरू होणारी नावं काढा म्हटलं तर 'कु' उघडायचं, कुलकर्ण्यांची फौज समोर हजर. पण ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे ते काढा म्हटलं तर? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक नाव वाचावं लागणार. आणि महाराष्ट्रात हे काम केलं तर शेवटी हाताला काय लागणार, तर जवळजवळ सगळी डिरेक्टरी! अक्षरक्रम लावण्यात आपल्या पूर्वजांनी जी अक्कल खर्च केली ती एका चांदणीनं बुडते. यंत्र बिचारं प्रत्येक शोधाला कोट्यवधी शब्दांची पारायणं करत होतं. मी घरात कपाट शोधतो ते असंच.

यावर इलाज असा, की नावांचे लहान लहान तुकडे आधीच करून सूचीत ठेवायचे. जागा जास्त लागते, पण शोध पटकन होतो. किंवा प्रत्येक शब्द उलटा लिहूनही एक प्रत ठेवायची. मग 'कर'ने संपणारे सगळे 'रक'ने सुरू होतात आणि एकाच पानावर शहाण्यासारखे ओळीत बसतात. ही युक्ती मला इतकी आवडली की मी संध्याकाळभर घरातल्या सगळ्यांची नावं उलटी म्हणत होतो. मुलीनं विचारलं, "बाबांना मुख्य कचेरी मानवत नाही का?"

मेमरीचं प्रकरण त्या मानानं थोडक्यात आटोपलं. प्रत्येक मशीनला चौसष्ट जीबी मेमरी, आणि त्यातली छप्पन्न एकट्या जावाला देऊन ठेवलेली. जास्त दिली की जास्त पळेल, या हिशोबानं. पण वारंवार लागणारी सूचीची पानं हाताशी ठेवायला मशीनलाही मोकळी मेमरी लागते. ती नसली की प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत खेप. आमच्या एका हेडक्लार्कचं टेबल असं असे. त्यावर त्यांचा डबा, थर्मास, पानाचा डबा, दोन छत्र्या आणि गणपती. लेजर ठेवायला जागा नाही, म्हणून ते प्रत्येक नोंदीसाठी उठून कपाटापर्यंत जात. नियम असा की जावाला निम्म्याहून अधिक देऊ नये, आणि तेही बत्तीसच्या आत. बत्तीसच्या पुढं गेलं की आतले पत्ते दुप्पट लांबीचे लिहावे लागतात, त्यामुळं जागा वाढूनही मावतं कमीच. तिनं तीस केली. फरक पडला. दीड मिनिटाचं पन्नास सेकंद झालं. कमिटीनं लगेच अभिनंदनाचा ठराव लिहायला घेतला.

पण ती गप्प होती. पाचव्या दिवशी तिनं एक आलेख काढून माझ्यासमोर ठेवला. डोंगरासारखी रेघ. रोज सकाळी दहाला चढ, साडेबाराला उतार. दुपारनंतर सपाट मैदान. म्हणजे 'नेहमीच' हे आमचं एकमत साफ खोटं होतं!

लोडवाले साहेब खूश झाले. "दहा ते साडेबारा म्हणजे गर्दीची वेळ. मी म्हणतच होतो."

"हो सर. पण हा रविवार आहे."

आम्ही वाकून बघितलं. रविवारीही दहाला चढ, साडेबाराला उतार. दुसऱ्या शनिवारीही, चौथ्या शनिवारीही. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना या दोन शनिवारी सुट्टी आहे, आणि आमचे लोक बाकी काही पाळोत न पाळोत, ती काटेकोर पाळतात. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या बँकेत काम कोण करतंय? साहेब तिघेही क्षणभर घाबरलेले दिसले. शिस्तीच्या दृष्टीनं ही गंभीर बाब होती.

स्लो लॉगमध्ये त्या वेळच्या सगळ्या नोंदी एकाच ठशाच्या होत्या. चांदणी पेंडिंग चांदणी. पान १. चांदणी पेंडिंग चांदणी. पान २. असं करत करत दोन हजारांच्या आसपास. रोज.

दीड दिवस खोदल्यावर त्याचं कूळ सापडलं. २०१८ साली, कागदांचे फोटो काढण्याचं काम चालू असताना, एका साहेबांनी रोजचा प्रगती अहवाल मागवला होता. किती कागद 'पेंडिंग' आहेत? कुणीतरी एक प्रोग्रॅम लावून दिला. तो रोज दहाच्या ठोक्याला उठून शेरा या रकान्यात 'पेंडिंग' शब्द शोधे. काम २०१९ला संपलं. प्रोग्रॅमला कुणी सांगितलं नाही. आणि खरी मौज पुढंच आहे. काम संपल्यावर प्रत्येक कागदाच्या शेऱ्यात काय लिहिलं होतं? 'नॉट पेंडिंग'. दोन्ही बाजूंना चांदण्या लावून 'पेंडिंग' शोधणाऱ्याला 'नॉट पेंडिंग'ही चालतं. त्यामुळं साडेचार कोटी कागद रोज सकाळी पेंडिंग ठरत होते!

ते पाहायला हा गृहस्थ निघे, तो दहा-दहा कागदांची पानं उलटत. आता पान उलटणं ही यंत्राच्या दृष्टीनं काय शिक्षा आहे ते ऐका. आमच्या कागदांचे शाखेगणिक आणि वर्षागणिक बावीसशे तुकडे केले होते. हजारावं पान हवं असेल तर प्रत्येक तुकड्याला स्वतःचे पहिले दहा हजार कागद क्रमानं लावून हजर करावे लागतात, कारण कुणाचे कागद त्या पानावर येणार हे आधी कळत नाही. बावीसशे गुणिले दहा हजार. बी.कॉम. असल्यामुळं मी गुणाकार तोंडी केला. दोन कोटी वीस लाख कागद एकत्र करायचे, क्रम लावायचा, त्यातले दहा दाखवायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे. मग हजार एकावं पान. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या मूर्खपणाला आळा बसावा म्हणून यंत्रात मुळातच दहा हजारांची मर्यादा घातलेली असते. आमच्याकडे ती कुणीतरी वाढवून एक कोटी करून ठेवली होती. मर्यादा ओलांडायची वेळ आली की मर्यादाच वाढवायची, हे आम्ही थकीत कर्जांकडून शिकलो.

शिवाय गृहस्थाला घाई. एका दमात वीस-वीस पानं मागायचा. आठ कोअरच्या मशीनवर शोधाच्या खिडक्या साधारण तेरा. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. एकच माणूस अख्ख्या सोसायटीची पासबुकं पिशवीत घालून काउंटरवर आला की मागच्या एका स्लिपवाल्याचं जे होतं, तेच आजींचं होत होतं. साडेबाराला दोन हजारांच्या आसपास पोचल्यावर त्याची वेळ संपे, 'अहवाल अपूर्ण' असं लिहून तो झोपी जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पान एकपासून! राजा विक्रमालासुद्धा वेताळ निदान दर वेळी नवी गोष्ट सांगत असे.

नवीन सर्व्हर घेतला असता तर काय झालं असतं, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "तो तीन हजार पानांपर्यंत गेला असता."

प्रोग्रॅम बंद करायला एक ओळ पुरली. ती ओळ पुसायला मात्र तीन खात्यांची परवानगी लागली, कारण तो कुणी लावला याचा कागद नव्हता. शोधायला गेलो तर... जाऊ दे.

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता मी शाखेत फोन करून आजींना थांबवून घ्यायला सांगितलं आणि आम्ही मुख्य कचेरीतून शोधायला बसलो. यंत्र तर मोकळं झालं होतं. नाव घातलं, अर्ध्या सेकंदात उत्तर: एकही नाही. पूर्वी 'नाही' कळायला दीड मिनिट लागत असे, एवढीच प्रगती. स्पेलिंगचा घोळ! आजींचं आडनाव बँकेच्या गोपनीयतेमुळं इथं देत नाही, पण उदाहरण म्हणून चौधरी घ्या. कुणी सी-एच-ए-यू लिहितो, कुणी सी-एच-ओ-डब्ल्यू, शेवटी कुणाचा आय तर कुणाचा वाय. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर यंत्र सांभाळून घेतं. व्लादिमीर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली दोन शब्दांमधलं अंतर अक्षरांच्या फरकानं मोजायची रीत घालून दिली, ती इथं वापरतात. पण ती सवलत जास्तीत जास्त दोन अक्षरांची. ए-यू-आय आणि ओ-डब्ल्यू-वाय यांत अंतर तीन अक्षरांचं. एका अक्षरानं चौधरी चौधऱ्याला मुकतो.

मुलगी कपाळाला हात लावून बसली. आणि मला एकदम तंबाखूचा वास आला.

"अगं, नाव काढून टाक," मी म्हटलं. "साल घाल. सत्त्याऐंशी. शाखा घाल. महिना पावतीवर आहे, जून. काउंटर म्हणजे मुदत ठेव. आणि नॉमिनेशनचा डीए-१ फॉर्म तेवढाच दाखव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, याला आमच्यात फिल्टर म्हणतात. आधी गाळून घ्यायचं, मग उरलेल्यात शोधायचं. बावीसशेऐवजी एकाच तुकड्याला विचारावं लागतं. तुम्ही कुठं शिकलात?"

"तळघरात," मी म्हणालो.

शून्य पूर्णांक दोन सेकंद. एकोणीस फॉर्म आले. चौदावा आजींचा. यजमानांच्या आडनावाचं स्पेलिंग आम्ही कल्पनाही केली नव्हती असं होतं. खाली नॉमिनीच्या जागी आजींचं नाव, आणि त्या इंग्रजी नावाशेजारी, कुणावर भरवसा नको म्हणून की काय, त्याच शाईनं मराठीत पुन्हा एकदा, मोठ्या काळजीनं काढलेलं.

शाखेत प्रिंट निघाली. फोनवर आमच्या सहकाऱ्याचा आवाज आला, "आजी विचारताहेत, हा कागद घरी नेता येईल का? सही नको, पैसे सावकाश द्या म्हणतात, पण कागद हवाय." झेरॉक्स द्या म्हटलं. दीडची गाडी त्यांना आरामात मिळाली. पैसे पुढं पाच आठवड्यांनी व्याजासह जमा झाले. तो उशीर मशीनचा नव्हता.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. मुलगी जाताना मी तिला हे सांगितलं, तर तिनं तिथल्या तिथं मोबाईलवर शोधून रंगनाथनांचा फोटोही काढून दाखवला. "थँक्यू काका," म्हणाली. मी आता त्या शब्दाला हरकत घेत नाही.

दोन आठवड्यांनी मी शाखेत परत आल्यावर मुख्य कचेरीतल्या एका खात्यातून फोन आला. आवाज काळजीचा होता.

"अहो, तो पेंडिंगचा डेली रिपोर्ट येणं बंद झालंय. तुमचं नाव सांगितलं कुणीतरी."

"ज्या साहेबांना तो हवा होता ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले," मी म्हटलं. "तुम्ही वाचता का तो?"

"छे हो! वाचायचं काय त्यात? रोज अपूर्णच असतो."

"मग?"

"रोज प्रिंट काढून फाइलला लावतो. सहा वर्षांच्या फाइली आहेत आमच्याकडे, एकही दिवस चुकलेला नाही. आता मध्येच खंड पडला तर इन्स्पेक्शनला काय दाखवू?" मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "आणि दुसरं एक विचारायचं होतं. या फाइली स्कॅनिंगला कधी पाठवायच्या?"